खुराड्यावरचा तक्ता

९ जानेवारी

आल्या! पाच तलंगा, एका भोकं पाडलेल्या खोक्यात. अंड्यावर यायला अजून दहा-बारा दिवस लागतील, असं विकणारा म्हणाला. खोकं मागच्या अंगणात उघडलं तर एकही बाहेर येईना. पंधरा मिनिटं मी ‘या, या’ करतेय आणि त्या आतून माझ्याकडे अशा बघतायत, जणू मीच विकायला आलेय. शेवटी खोकं आडवं केलं आणि ओतल्या.

मोठी सिस्टर म्हणून तीस वर्षं वॉर्ड चालवला. पाच कोंबड्यांचं ते काय! उद्यापासून सकाळ-संध्याकाळ राउंड.

१२ जानेवारी

नावं ठरली. मोठी तांबडी ती हेडबाई. दिवसभर तोंड चालू असलेली टेलिफोन. दोन पांढऱ्या, एकमेकींना सोडून पाऊल न टाकणाऱ्या, त्या जुळ्या. आणि सगळ्यात लहान काळी ती बुटकी.

खुराड्याच्या दाराला एक तक्ता टांगलाय, वॉर्डात खाटेला टांगायचे तसा. कोणी कोणाला टोचलं त्याच्या रेघा मारायच्या. तासाभरात एकोणतीस रेघा झाल्या. आमच्या नर्सेसच्या खोलीत एवढं व्हायला निदान आठवडा लागायचा.

१५ जानेवारी

धाकटी आली. माझी बहीण. वय चोपन्न, पण घरात सगळे धाकटीच म्हणायचे, ते आजतागायत. तिची बदली इथल्या लॅबमध्ये झालीय. कवळ्या बनवते. पर्सच्या कप्प्यात कायम कुणाचे तरी दात असतात, सुट्टे पैसे शोधायला हात घालायची सोय नाही.

‘खोली मिळेपर्यंत राहते ताई. तुला त्रास नाही देणार,’ म्हणाली. लॅबच्या शेजारी एक खोली बघूनही ठेवलीय. घरमालकिणीला एक मार्चपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.

इथे तीन खोल्या आणि मी एकटी. ती पण एकटी. मग खोली हवीच कशाला? पण मी काही ‘राहा, राहा’ करत मागे लागणार नाही. तिचं तिला समजायला नको? दारात दुसऱ्या चपला दिसल्या, बरं वाटलं. खरं लिहायचं तर फारच बरं वाटलं. राहिली तर हवीय मला.

चपला वाकड्या काढते. सांगितलं.

१८ जानेवारी

धुतलेला पेला उपडा ठेवत नाही. सांगितलं. दार आपटते. सांगितलं. आंघोळीला पंचवीस मिनिटं — तेही सांगितलं. चहात दोन चमचे साखर, या वयात! सांगितलं. लागेल हळूहळू वळण.

२० जानेवारी

पहिलं अंडं! टेलिफोनचं. अख्ख्या गल्लीला कळलं.

२४ जानेवारी

आता या बायकांचा कारभार लक्षात यायला लागला. उगाच नाही टोचत त्या. सगळं क्रमाने चालतं. खाद्याचं भांडं ठेवलं की आधी हेडबाई. मग टेलिफोन, मग जुळ्या, आणि सगळ्यांचं झालं की बुटकी. झोपायच्या दांडीवरसुद्धा हेडबाईची जागा ठरलेली, भिंतीकडची, वारा न लागणारी. गंमत म्हणजे ती हल्ली फारसं टोचत नाही. मान उंच करून नुसती बघते. तेवढ्यानं टेलिफोन गप्प होते आणि बाजूला सरकते. मला माझ्या राउंडची आठवण झाली. मी वॉर्डात शिरले की मुली आपोआप खुर्च्यांवरून उठायच्या. हेडबाईचं मला मनापासून पटतं. शिस्त म्हणजे शिस्त.

बुटकीचं मात्र काही खरं नाही. एक दाणा उचलते, पळत खुराड्यामागे जाते, तिथे खाते, पुन्हा येते. धाकटी बघत होती. म्हणाली, ‘चोरासारखी खाते गं बिचारी.’ म्हटलं, स्वभावच तसा, घुमी आहे. ती वळली. आपला चहा घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसली. रोज तिथेच बसते. आत चार खुर्च्या आहेत आणि ही पायरीवर! सांगितलं.

३० जानेवारी

बुटकीच्या पाठीवरची पिसं गेलीत. आज हेडबाईनं टोचून रक्त काढलं. आणि रक्त दिसलं की बाकीच्या पण टोचायला धावतात, जुळ्यासुद्धा, ज्यांना एरवी कुणी विचारत नाही. तिला उचललं, जांभळं औषध लावलं आणि न्हाणीघरात वेगळी ठेवली. जखमी पेशंट वेगळा ठेवायचा, त्याला शांतता द्यायची. तीस वर्षांचा नियम आहे माझा.

२ फेब्रुवारी

धाकटीचं डोकं दुखत होतं. तिला मागच्या खोलीत निजवलं, पडदे ओढले, जेवण आत नेऊन दिलं. ‘मी येते की बाहेर,’ म्हणत होती. मुळीच नाही म्हटलं. पडून राहा.

न्हाणीघरात बुटकी दिवसभर कण्हल्यासारखा आवाज काढते. आंघोळ करताना अवघडल्यासारखं होतं.

५ फेब्रुवारी

काय करून बसले मी! बुटकी छान बरी झाली म्हणून सकाळी खुराड्यात सोडली. चौघी एकदम तिच्यावर तुटून पडल्या. सहा दिवसांपूर्वी ज्यांच्याबरोबर झोपत होती त्या. ओळखच देईनात. धाकटी झाडू घेऊन मध्ये शिरली आणि तिला छातीशी धरून बाहेर आली. ब्लाउजवर रक्ताचे डाग. मी नुसती उभी होते, तक्ता हातात घेऊन. मलाच माझी लाज वाटली.

६ फेब्रुवारी

जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. पोरगेला माणूस, पण ऐकून घेतो. तक्ता दाखवला तर दोन मिनिटं बघतच बसला. ‘एवढी नोंद माझ्या कॉलेजात कुणी केली नव्हती,’ म्हणाला. मी फुशारले. मग म्हणाला, ‘पण चुकलं तुमचं.’

सहा दिवस बाहेर राहिलेली कोंबडी परत येते ती नवी म्हणूनच येते, म्हणाला. तिची जागा भरून गेलेली असते. तिला आधी जाळीपलीकडे ठेवायचं, एकमेकींना दिसतील अशी, आणि मग सोडायचं. खाद्याची भांडी दोन ठेवायची, एकमेकांपासून लांब. एकटीला दोन ठिकाणी पहारा देता येत नाही. आणि त्यातूनही थांबलं नाही तर मार खाणारीला बाहेर काढायचं नाही. मारणारीला काढायचं. चार-पाच दिवस. परत येते तेव्हा तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

म्हटलं, ‘हेडबाई रोज अंडं देते. तिच्यामुळे तर शिस्त आहे. तिला शिक्षा?’

‘शिक्षा नाही हो सिस्टर. सुट्टी समजा. क्रम असू द्या, त्यानं भांडणं कमीच होतात. रक्त येता कामा नये, एवढंच.’

घरी येऊन धाकटीला सगळं सांगितलं. फार लक्ष देऊन ऐकलं तिनं. दोनदा विचारलं, ‘मारणारीला काढायचं म्हणाले?’

१३ फेब्रुवारी

जाळी लावली, दोन भांडी ठेवली. बुटकी आता पोटभर खाते. पण जाळी काढली की हेडबाई पुन्हा तिच्या पाठीवर. सुट्टी द्यावीच लागणार.

आणि सुट्टी मलाही. पित्ताशयात खडे निघालेत. सतरा तारखेला ऑपरेशन, चार दिवस मुक्काम.

१६ फेब्रुवारी

हेडबाई पुढच्या व्हरांड्यात, मोठ्या टोपलीखाली. माझ्याकडे अशी बघते की नजर द्यायची हिंमत होत नाही. तक्ता धाकटीच्या ताब्यात दिला. रोज दोन वेळा, अर्धा-अर्धा तास, पेन्सिलीनं, रेघा सरळ. सगळं नीट समजावून सांगितलं. पुन्हा एकदा सांगितलं.

१९ फेब्रुवारी

दवाखान्यातून लिहितेय. खडे गेले. दुखतंय, पण ते चालायचंच. त्रास आहे तो इथल्या मुलींचा. मला आजी म्हणतात! ‘आजी, पाय खाली सोडू नका. आजी, पाणी आत्ता नको. आजी, उशी नका ओढू.’ जेवणाआधीच अकरा वेळा. मी सांगितलं, अगं, मी मोठी सिस्टर होते. ‘हो का आजी, छान, आता कूस बदला.’ माणसाला किती बोलावं याला काही सुमार? दुपारनंतर मी तोंडच मिटून घेतलं. भिंतीकडे वळून पडून राहिले.

२१ फेब्रुवारी

घरी. संध्याकाळी धाकटीनं हेडबाईला खुराड्यात सोडलं. मालकिणीच्या तोऱ्यात आत शिरली आणि टेलिफोननं तिला फाडकन टोचलं! हेडबाई थक्क. दोनदा फिरून आली, शेवटी मधल्या दांडीवर बसली. भिंतीकडच्या जागी टेलिफोन. बुटकी सगळ्यांबरोबर खाली दाणे टिपत होती, पळत नव्हती. मला इतकं हसू आलं की टाके दुखले.

२२ फेब्रुवारी

सकाळी तक्ता वाचायला घेतला. चारही दिवसांच्या नोंदी, रेघा सरळ, अक्षर मोत्यासारखं. बुटकीसमोर तिसऱ्या दिवसानंतर एकही रेघ नाही. सवयीनं पान उलटलं. मागे आणखी एक तक्ता होता, पेन्सिलीनं आखलेला.

‘ताईने धाकटीला’ असं वर. खाली: चपला सहा. पेला अकरा. दार नऊ. आंघोळ चार. साखर पाच. पायरी सात. एकूण बेचाळीस. त्याखाली ‘धाकटीने ताईला’. त्यासमोर काहीच नाही.

आणि अगदी तळाशी: ‘चार दिवस ताई दवाखान्यात. टोच एकही नाही. घरात करमत नाही.’

आधी रागच आला. चांगला चढला. मी हे काय वाईटासाठी बोलते? घर माझं, पेले माझे! मग ही वही उघडली, म्हटलं बघू तरी खरंच एवढं बोलले का. जानेवारीपासून वाचलं. सांगितलं. सांगितलं. सांगितलं. माझ्याच अक्षरात. आणि अकरा वेळा ऐकल्यावर मी स्वतः भिंतीकडे तोंड करून पडले होते.

संध्याकाळी ती आली. मी तक्ता टेबलावर ठेवला होता. तिनं पाहिला. ‘पान उलटणार हे माहीत होतं,’ म्हणाली. ‘फाडणार होते. मग म्हटलं, राहू दे.’  मी पोटावर हात ठेवून, टाके दुखतायत म्हणाले. दुखत नव्हते.

२५ फेब्रुवारी

पेला उताणा. जीभ चावली.

२६ फेब्रुवारी

दार आपटलं. जीभ चावली. तरी ती पायरीवरच बसते. आता मी बोलतच नाही म्हणून घर आणखी सुनं झालंय. हे काही जमत नाहीये मला.

२८ फेब्रुवारी

त्या घरमालकिणीचा फोन आला. धाकटी बोलायला अंगणात गेली. बराच वेळ बोलत होती. मी स्वयंपाकघरात भांडं घासत राहिले, एकच. आत आल्यावर म्हणाली, ‘उद्या नक्की सांगते म्हटलंय.’ मी हं म्हटलं. गेली तर काय करू मी? पाच कोंबड्यांना साखर मोजून देऊ? ‘तिचं तिला समजायला नको?’ असं मी जानेवारीत लिहिलं होतं. कुठून समजणार? मी बाकी सगळं सांगितलं, तेवढं सोडून.

१ मार्च

सकाळी माझा चहा घेऊन पायरीवर गेले, ती यायच्या आधीच बसले. ती आली. ‘राहशील का?’ म्हटलं. सांगितलं नाही. विचारलं. ती बुटकीकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, ‘मालकिणीला नको म्हणून कळवते. पण तू सरक आधी. ही माझी जागा आहे.’

सरकले. चहा झाल्यावर तक्ता उलटला आणि ‘धाकटीने ताईला’ समोर पहिली रेघ मारली.