पाडसाजवळ बसलो तेव्हा

बाबा,

तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता मोठी झाले आहे, आणि आई अजूनही त्या एका गोष्टीवरून मला माफ करत नाही. काल पुन्हा तोच विषय निघाला, म्हणून तुमच्याशी बोलायला बसले.

मिशिगनच्या उत्तरेकडच्या राखीव जंगलातला तो एप्रिल आठवतो. आपण राहायचो त्या ट्रॉय गावातले सगळे मराठी काका मोटारींच्या कंपन्यांत, आणि तुम्ही मात्र नागपूरहून येऊन मेलेली हरणं मोजत होतात. "यार, पीएचडी करून हेच करायचं होतं?" असं ते पंगतीत चिडवायचे, तुम्ही हसून आणखी वरण मागायचात. हिवाळ्यात किती हरणं गेली ते बर्फ वितळल्यावर कळायचं. होकायंत्र धरून दलदलीतून सरळ रेषेत चालायचं, मेलेलं हरीण दिसलं की मांडीचं हाड फोडून आतला मगज बघायचा. पांढरा, घट्ट असेल तर ते दुसऱ्या कशानं मेलं. लाल, जेलीसारखा असेल तर भुकेनं. त्या वर्षी लालच निघत होता. शाळेला स्प्रिंग ब्रेकची सुट्टी होती, तुम्ही मला सोबत नेलंत आणि दुपारच्या आतच मला उलटी झाली.

मग ते पाडस दिसलं, गेल्या उन्हाळ्यात जन्मलेलं. बरगड्या वर आलेल्या, उठायचं त्राण नाही. गावातल्या कुणीतरी कणव येऊन तिथे मक्याचा ढीग ओतला होता, आणि ढिगाशेजारी दोन हरणं मरून पडली होती. मी ओंजळ भरली तर तुम्ही माझं मनगट धरलंत, दुखेल इतकं घट्ट.

"बाबा, प्लीज! ही इज हंग्री."

"हिवाळाभर काड्या खाल्लेलं पोट आहे ते. मका पचत नाही, त्यानंच मरतात. राहू दे."

"मग आपण काय करायचं?"

"बसायचं."

ते मरेपर्यंत आपण ओल्या शेवाळावर बसून राहिलो. नंतर तुम्ही त्याचंही हाड फोडलंत. मला तुमचा इतका संताप आला की घरी परतताना मी गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले.

त्यानंतर दहाएक वर्षांनी तुम्हीच हॉस्पिटलात होतात. आधी घास उतरेना, मग पेजही. आई चमचा घेऊन बसायची, "एकच घोट, माझ्यासाठी." डॉक्टरांनी अन्नासाठी पोटात नळी घालायची का विचारलं, फारसा उपयोग नाही हेही सांगितलं. तुम्ही शुद्धीवर नव्हतात. आई म्हणाली घाला, मी म्हणाले नको, आणि इंग्रजी मला येत होतं म्हणून ऐकलं गेलं ते माझं. तुम्ही गेल्यानंतर भरल्या घरात, सगळे जेवायला बसले असताना आई म्हणाली, "तू त्यांना उपाशी मारलंस." मी तिला पाडसाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "ते जनावर होतं."

मी बसले होते, बाबा, तुमच्या उशाशी, हात धरून. शेवटच्या दुपारी तुमचे ओठ हलले, काहीतरी चोखत असल्यासारखे, बराच वेळ. नर्स म्हणाली, ते आपोआप होतं, त्याला अर्थ नसतो. मी मान हलवली. तुम्हाला भूक लागली होती का, ही भीती माझ्या मनातून अजून जात नाही. आई तेव्हा खाली चहा आणायला गेली होती. तुमचे ओठ हलल्याचं मी तिला आजवर सांगितलेलं नाही.