खिडकीपलीकडचे साहेब

माझ्या प्रिय चिमणे,

हे पत्र हातात पडेल तेव्हा तू जेवलेली असशील असं धरून चालतो. नसशील, तर आधी जेव. घाबरण्यासारखं काही नाही. आईचा गुडघा बरा आहे, मीही ठणठणीत आहे. फोन न करता पत्र का लिहितोय, तेही सांगतो, पण जरा दमानं.

आई म्हणाली, या महिनाअखेर तू आपलं ॲप गुंडाळणार आणि पुन्हा नोकरी धरणार. ऐकल्यापासून मला अन्न गोड लागेना. तू नोकरी सोडलीस तेव्हाही लागत नव्हतं. आई म्हणते, तुम्हाला नक्की कशानं गोड लागतं ते एकदा सांगून टाका.

ते ॲप तू माझ्या फोनवर घातलंस तो दिवस आठवतो. माझ्यासारख्या शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याला एका सुट्या भागासाठी सगळा बाजार पालथा घालावा लागू नये, म्हणून तू ते बनवलंस. आपण हवं ते लिहायचं, ॲप त्या मोठ्या ऑनलाइन दुकानाला विचारणार आणि फोटो, माप, शिल्लक सगळं दाखवणार. मी म्हटलं, अगं, परक्याच्या कपाटात हात घालायचा, पोलीस आले तर? तू हसलीस. म्हणालीस, बाबा, प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी त्या दुकानानंच एक खिडकी उघडी ठेवलीय, आणि मला रीतसर किल्ली दिलीय. मला पटलं. फक्त खिडकी म्हटल्यावर तिच्यामागे कुणीतरी बसलेलं असणार, एवढं मी आपलं मनानं धरलं.

मग मी त्यांना माणसासारखं लिहू लागलो. नमस्कार साहेब, त्रासाबद्दल माफी असावी, जुन्या काळ्या मशीनचं, खालच्या दोऱ्याची बॉबिन बसते ते शटल मिळेल का, घाई नाही, आपलं जेवण होऊ द्या. उत्तर यायचं, काही सापडलं नाही. मला वाटायचं, साहेब कामात असतील. दुसऱ्या दिवशी आणखी नम्रपणे लिहायचो. तुला तिकडे एवढंच दिसत होतं, की बाबांच्या दुकानातून गेलेली प्रत्येक मागणी रिकाम्या हाती परत येते. सख्ख्या बापाच्या उपयोगाचं नाही ते लोकांच्या काय असणार, असं तू आईला म्हणालीस. मला मात्र विचारलं नाहीस, बाबा काळजी करत बसतील म्हणून. ती मी तशीही करतच होतो.

परवा समोरच्या शिंपीणबाई मशीन घेऊन आल्या. शाळेचे गणवेश अर्धे शिवून अडकलेले. मी साहेबांना लिहायला बसलो. बाई डोकावल्या आणि म्हणाल्या, काका, शटल मागवताय की सोयरीक जमवताय? फोन हिसकावून घेतला, माझा सगळा मजकूर पुसला, नुसतं शटल आणि मशीनवर कोरलेला नंबर लिहिला. चिमणे, डोळ्याची पापणी लवायच्या आत फोटो समोर! हुबेहूब तेच, तेच वळण, तेच टोक. बाईंनी तिथल्या तिथे मागवूनही टाकलं. आज ते आलं, मी बसवलं, आणि मशीन असं धावलं की बाईंनी दुकानातच दोन बाह्या शिवून काढल्या. आईला सांगितलं, तर ती पोट धरून हसत सुटली. अजून मधूनच विचारते, साहेब जेवले का हो?

आता पत्राचं कारण. मशीनचा आवाज ऐकून सायकलवाला, कुलूपवाला आणि छत्रीवाला गोळा झाले. बाईंनी सगळं रंगवून सांगितलं. आम्हालाही हे हवं, म्हणाले. कुलूपवाल्यानं शंका काढली, चार दिवसांनी बंद पडलं तर? आणि गॅस तीनदा तपासल्याशिवाय न झोपणारा तुझा बाप छाती पुढे काढून म्हणाला, माझ्या लेकीनं बनवलंय, बंद पडायचं नाही. तुला न विचारता शब्द देऊन बसलो. फोनवर हे सांगायची छाती होईना. तेव्हा बाई माझे, ॲप गुंडाळू नकोस. पुढच्या रविवारी ते तिघं फोन घेऊन शिकायला दुकानात येणार आहेत. तू ये. नाही आलीस तर शिकवायला मी उभा राहीन, आणि मी काय शिकवीन ते तुला ठाऊक आहे.

तुझाच, वाट पाहणारा,
बाबा