'धुक्यातला शिंपी'चं शेवटचं रीळ

डोंबिवली (पूर्व)

श्री. त्र्यंबकराव यांस गुरुदत्तचा साष्टांग नमस्कार.

गुडघा आता तुमचं ऐकतो का? वहिनींनी पाठवलेलं मेतकूट संपलं (हा इशारा नव्हे, नुसती बातमी). फोनवर बोललो तर तुमची भगिनी सरोज स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकते, म्हणून पत्र.

'धुक्यातला शिंपी' हा महायुद्ध संपल्यासंपल्या निघालेला इंग्रजी खूनपट (नावाचं मराठी आमचंच). जगात त्याला कुणी विचारत नाही. आमच्या ठाकुर्लीच्या मंडळातले संग्राहक मात्र त्याच्यासाठी जीव टाकतात, कारण शेवटचं रीळ कुणाकडेच नाही. खून कुणी केला हे ठाऊक नसण्यातच सगळी गंमत. मी म्हणतो शिंप्याने, महेंद्र म्हणतो घरमालकिणीने, आणि यावरून आम्ही एकमेकांच्या घरचा चहा सोडलाय.

ते रीळ मला मानपाड्याला भंगारात मिळालं हो! गंजका डबा, पण वर नाव चक्क वाचता येत होतं. डबा घरी टेकवला आणि आधी महेंद्रला चिडवायला धावलो, इथेच माती खाल्ली. डब्याला आंबूस वास येत होता (जुन्या फिल्मला येतोच). सरोजने अख्खी फिल्म धुण्याच्या सोड्यात भिजवली, घासली आणि कबुतरं येऊ नयेत म्हणून गॅलरीत टांगली. मी परतलो तेव्हा कोऱ्या पट्ट्या वाऱ्यावर हलत होत्या. त्र्यंबकराव, मी त्या दिवशी जेवलो नाही. कबुतरंही कमी झालेली नाहीत.

त्यावर कडी म्हणजे, भिजवण्याआधी तिने फिल्म खिडकीत उजेडाला धरून पाहिली होती. म्हणजे खुनी आता फक्त तिला ठाऊक! विचारलं तर म्हणते, "माळा रिकामा करा, मग सांगते." माळ्यावर माझा सगळा संग्रह आहे. माणसाने करावं काय?

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
गुरुदत्त

ता. क. भाऊबीजेला ओवाळून झालं की तबकात काही टाकण्याआधी तिला एवढं विचाराच. तुम्हाला ती नाही म्हणणार नाही. महेंद्रलाही बोलावून ठेवतो.

ता. क. डिंक कुठे असतो ते सरोजलाच ठाऊक, म्हणून पाकीट चिकटवायला तिच्याकडे देतोय. दुसऱ्याचं पत्र ती वाचत नाही.

ता. क. दादा, मी सरोज. त्या रिळात खून नव्हता, शिंपी नव्हता. अंगाच्या साबणाची जाहिरात होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत. हे कळलं तर आधी रडतील आणि मग पुन्हा भंगारात शोधत फिरतील. माळा काही ते रिकामा करत नाहीत, तेव्हा माझ्याकडून फुटायची भीती नाही. तू विचारलंस की मी तुझ्या कानात काहीतरी पुटपुटेन. तू नुसता कपाळाला हात लाव आणि "घरमालकीणसुद्धा?" एवढंच म्हण. दोघं निदान पुढच्या दिवाळीपर्यंत भांडत बसतील.