विकलेल्या गादीवरची झोप

वन्सं,

साष्टांग नमस्कार. विनंती शेवटी आहे, विशेष आधी वाचा. गुडघा कसा आहे? (घटस्फोटाच्या कागदांत तुमच्या गुडघ्याची चौकशी करू नये असं कुठे लिहिलेलं नाही, मी दोनदा वाचून पाहिलं.) नवरा सुटला, पण नणंद काही माझ्याच्यानं सोडवली नाही.

तर तुम्ही सांगितलंत तशी शनिवारी दुपारी त्या गादीवाल्याच्या दुकानात गेले. तुमची शिकवणी पाठ होती: ओळख द्यायची नाही, गिऱ्हाईक म्हणून जायचं, माणूस पारखायचा, पसंत पडला तरच तुमचं नाव काढायचं. (चाळिशी उलटलेल्या बाईनं असं चोरून स्थळ बघायला जावं, हे तुमच्याच डोक्यातून निघू शकतं.) माणूस दिसायला बरा. कानामागे पेन्सिल, बाहीला कापूस, बोलणं हळू. अशा माणसाला बायको सोडून गेली याचं नवल वाटलं. मग वाटलं, माझ्याबद्दलही कोणी असंच म्हणत असेल. "पडून बघा," तो म्हणाला, "बसून गादी कळत नाही."

मी पडले. वन्सं, खिडकीला पातळ पडदा होता, वाऱ्यानं फुगायचा आणि सावकाश खाली बसायचा. उन्हाचा एक पट्टा माझ्या पायांवरून सरकत होता. नव्या कापसाचा वास, आतल्या खोलीत थांबत थांबत चालणारं शिलाई मशीन. वेगळी झाल्यापासून दीड वर्ष मी धड झोपलेली नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता याला आवडीनिवडी विचारायच्या, एवढं ठरवल्याचं आठवतं. पुढे मी होडीत होते. होडी आमच्या ग्रंथालयातून चालली होती, पुस्तकांच्या कपाटांमधून, आणि कोणालाही काहीही परत करायचं नव्हतं.

जाग आली तेव्हा पावणेपाच वाजले होते. (गेले तेव्हा दोन.) ग्रंथालयात पेंगणाऱ्यांना टेबलावर पट्टी आपटून उठवणारी मी, भर दुकानात, तोंड उघडं टाकून! अंगावर चादर, चपला शेजारी शेजारी लावलेल्या, आणि उशाशी पुठ्ठ्याची पाटी: 'ही गादी विकली आहे.' एका गिऱ्हाइकाला नेमकी हीच हवी होती म्हणे, ते पाटी बघून परत गेलं. मी लाजेनं अर्धमेली. काही सुचेना, म्हणून घोरत होते का ते विचारलं. "थोडंसं," तो म्हणाला, "पण लयीत." मला तो आवडला, वन्सं. हे आता आपल्याला व्हायचं नाही, असं मी धरून चालले होते.

बाकी घरची मंडळी, म्हणजे मी आणि कुंडीतलं झाड, मजेत.

तुमची,
भावाची नसलेली वहिनी

ता. क. गादी घेतली नाही, माझ्या दारातून ती आत येणार नाही. पण पाटी त्यानं अजून काढलेली नाही. (परवा सहज गेले होते.)

ता. क. २. तुमचं नाव काढल्यावर तो हसलाच. चादर ओळखीची वाटतच होती! सकाळीच नेऊन दिलीत आणि वर बजावलंत, 'झोपली तर उठवू नका'. म्हणजे शिकवणी दोन्हीकडे चालू होती तर.

ता. क. ३. आता विनंती. रविवारी चार वाजता तो चहाला येतोय, थोरल्या बहिणीला घेऊन. (नव्या नणंदेला जुन्या नणंदेनं पारखलेलं बरं.) माझ्याकडून कोणीच नाही. कोर्टात तुम्ही भावाच्या बाजूला बसला होतात; बसायलाच हवं होतं, मी ते कधी मनात धरलं नाही. (धरलं होतं. आठ महिने.) या वेळी माझ्या बाजूला बसाल? उंच खुर्ची आणून ठेवली आहे, गुडघा फार वाकवावा लागणार नाही.