डिकीतला इसम

प्रिय साडूभाऊ यांस,

सप्रेम नमस्कार. विनंती आहे आणि ती खरोखरच विशेष आहे, पण ती शेवटी करतो. आधीच केली तर तुम्ही पुढचं वाचणार नाही. तुमची कंबर कशी आहे? मेव्हणीबाईंचा खोकला गेला का? (गेला नसेल तर औषध बदला, डॉक्टर बदलू नका, नवा डॉक्टर पहिल्यापासून सगळं विचारतो.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं आहे आणि सोमवारी अकरा वाजता मला पोलीस चौकीत लेखी जबाब द्यायचा आहे. जबाब चुकला तर गाडी शिकवण्याचा माझा परवाना तीन महिने जमा. एक गाडी आणि एक परवाना, एवढ्यावर आमचं घर चालतं.

मागच्या महिन्यात तुमच्याकडे जेवताना, पोलिसांनी गाडी अडवली तर चालकाचे हक्क काय, यावर तुम्ही बोलला होता. तुम्ही वकील, त्यात पोट भरलेलं, त्यामुळे तासभर बोललात. मी मनापासून ऐकलं, फक्त सलग ऐकलं नाही. (मध्येच मला वाढायला उठवलं होतं.) हात दिसतील असे ठेवावेत, कारण विचारावं, तपासणीला माझी संमती नाही असं नम्रपणे म्हणावं, पण आडवं येऊ नये, आणि मी जायला मोकळा आहे का असं विचारावं, एवढं पाठ होतं. कशानंतर काय, आणि नाही म्हटल्यावरही त्यांनी तपासलीच तर काय, हा भाग बहुधा मी स्वयंपाकघरात असताना झाला.

सासूबाई तीन महिने माझ्याकडे गाडी शिकताहेत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सासरे होते तोवर त्यांनी गाडीची किल्ली कधी बाईंच्या हाताला लागू दिली नाही. ते गेले आणि वर्षभराने एके सकाळी या बाई माझ्या क्लासात आल्या, बाकीच्यांसारख्या रांगेत उभ्या राहिल्या आणि फॉर्म मागितला. मला त्या दिवशी त्यांचं फार कौतुक वाटलं, अजूनही वाटतं. त्या नेमाने येतात, आरसा बघतात, मी सांगितलेला एकही नियम मोडत नाहीत. घात तिथेच झाला.

परवा सकाळी आम्ही बाजाराच्या चौकातून चाललो होतो. सासूबाई स्टिअरिंगवर, मी शेजारी, माझ्या पायाखाली माझा वेगळा ब्रेक. कुठल्याशा कारखान्यातून तांब्याची तार चोरीला गेली होती म्हणून पोलीस दिसेल ती गाडी थांबवत होते. हवालदाराने हात केला. आता हवालदार उभा होता झेब्रा क्रॉसिंगवर, आणि पट्ट्यांवर गाडी थांबवायची नाही हे मी सासूबाईंकडून शंभरदा घोकून घेतलेलं. त्यांनी आरसा बघितला, इंडिकेटर दिला, हवालदाराला छान वळसा घातला आणि संथपणे पुढे निघाल्या. पन्नास फुटांवर मी माझा ब्रेक दाबला. तोवर हवालदार शिट्टी फुंकत धावत होता, आणि पळणाऱ्या गाडीमागे धावायला लागलं की माणसाचा स्वभाव बदलतो.

त्याने विचारलं, चालक कोण? सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं, मी सासूबाईंकडे. (माझ्या गाडीत हा प्रश्न सोपा नाही. स्टिअरिंग शिकणाऱ्याचं, ब्रेक माझा, आणि चूक निम्मी निम्मी, असं मी पहिल्याच दिवशी सांगतो.) मग तो म्हणाला, डिकी उघडा. मी दोन्ही हात डॅशबोर्डवर पसरून ठेवले आणि म्हणालो, माझी संमती नाही. त्याच दमात सासूबाई म्हणाल्या, "उघडा की भाऊ, आम्हाला काय लपवायचंय?" मी घाईघाईने कारण विचारलं, ते त्याने आधीच सांगितलं होतं. मग मी विचारलं, मी जायला मोकळा आहे का? तो म्हणाला, "तुम्ही खुशाल जा, गाडी राहू द्या." साडूभाऊ, मोकळं सोडल्यावर थांबलो तर हक्क जातो की काय, हे काही केल्या आठवेना, म्हणून मी उतरून चालू लागलो. वीस पावलं गेल्यावर लक्षात आलं की सासूबाई गाडीत आहेत. परत आलो. आता त्याचा संशय पक्का झाला होता.

खरं सांगायचं तर मला कायद्याची काही पडली नव्हती. सासूबाईंनी डिकीत डोकावू नये, एवढंच मला हवं होतं. माणूस अचानक आडवा आला तर ब्रेक कसा मारायचा, हे शिकवायला मी एक बाहुला केला आहे. पुरुषभर उंची, आत चिंध्या, पायात बूट. त्याचे शर्ट टिकेनात, म्हणून आमच्या हिने जुन्या कपड्यांतून एक जाडजूड कोट काढून दिला. तो सासऱ्यांचा. सासूबाईंना आम्ही तो कोणा गरजूला दिला असं सांगितलं होतं. (बाहुल्याला गरज होती, हे नाकारता येणार नाही.) त्या कोटावरून आजवर निदान चाळीस शिकाऊ गेले आहेत. सासूबाईंसाठी मात्र मी रस्त्यात बादली ठेवायचो.

हवालदाराने डिकी उघडली, दोन बूट पाहिले आणि दोन पावलं मागे सरला. पंचनाम्यात लिहिलं आहे ते असं: डिकीत एक इसम आडवा आढळला, तपासाअंती तो इसम नसल्याचे निष्पन्न झाले, महिलेने त्याच्या अंगावरील कोट आपल्या पतीचा असल्याचे ओळखले, पती हयात नसल्याचे सांगितले. खाली सासूबाईंची सही. तेव्हापासून त्या माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत.

आता जबाबात मी काय लिहू? मी चालक म्हणावं, तर इशारा मोडून पळालो मी, परवाना जमा. सासूबाई चालक म्हणाव्यात, तर त्यांची संमती खरी, मी सुटलो, पण पळाल्या त्या, आणि मंगळवारची त्यांची परवान्याची परीक्षा गेली. त्या परीक्षेसाठी बाई रोज पहाटे उठून नियम वाचतात. माझ्या हातून ते लिहवणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि ब्रेक नेमका कोणाचा ते कळत नाही.

आपला गोंधळलेला,
धाकटा साडू

ता. क. जबाबाचं काय व्हायचं ते होईल. खरी विनंती अशी, की सासूबाई तुमचं ऐकतात, तेव्हा तो कोट तुम्हीच मला दिला होता असं त्यांना सांगाल का? (खोटं आहे, पण तुम्ही वकील आहात.)

ता. क. आणखी एक. हे सगळं कोणी शिकवलं असं हवालदाराने विचारलं, तेव्हा मी तुमचं नाव सांगितलं. पत्ताही.

ता. क. पत्र सासूबाईंच्या हाती पोस्टात पाठवतो आहे. बोलत नाहीत, पण कामं करतात.

वकीलसाहेबांस आशीर्वाद. पाकीट नीट चिकटवलेलं नव्हतं, मी वाचलं. कोटाचा मला राग नाही. तो त्यांनाही कधी धड बसला नाही. राग बादलीचा आहे. साऱ्या जगाला ब्रेक मारायला माणूस, आणि मला बादली! काल मी चौकीत जाऊन माझा जबाब देऊन आले. गाडी मी चालवत होते, आणि हवालदार पट्ट्यांवर उभा होता म्हणून पुढे जाऊन थांबले, असं लिहिलं. साहेबांनी नियमाचं पुस्तक उघडून पाहिलं, मग हवालदाराकडे पाहिलं आणि प्रकरण मिटवलं. जावईबापूंना मी हे सोमवारी साडेदहाला सांगणार आहे, तुम्ही आधी कळवू नका. मंगळवारी पास झाले की पहिली फेरी तुमच्याकडे. जावईबापू मागच्या सीटवर बसतील.