गाऱ्हाण्यापुरतं औषध

बाबा, काल मला खोकला झाला म्हणून सुनेने बाटली आणली. झाकण उघडलं आणि तोच गोडसर वास. म्हटलं, बाई, आधी छाती तपासून घेते, मग तुझं औषध. ती हसली. तिला काय माहीत तुमचं!

ऐंशी सालानंतरची ती जत्रा. तुम्ही गावचं गाऱ्हाणं घालणारे, देवासमोर उभं राहून सगळ्या गावासाठी मागणारे. आणि खोकला तर काही केल्या थांबेना. काढे झाले, आलं-मध झालं. "गाऱ्हाणा मधीच तुटूक नये," हेच तुमचं तुणतुणं. जिवाची नाही, त्याचीच काळजी! शेवटी मीच तुम्हाला ओढत मालवणला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाटली दिली नि बजावलं, "ह्या अफूच्या जातीचा औषध. डोक्यातसून खोकल्याची उबळ येता ना, ती ह्या दाबता. दुखणा तसाच ऱ्हवता. जत्रा झाली की छातीचो फोटो काढूक येवा." तुम्ही नंदीबैलासारखी मान डोलावलीत.

जत्रेच्या दुपारी तुम्ही देवळात उभे आहात. डोळे जरा जडावलेले, आवाज मात्र खणखणीत. गुरांसाठी मागता, होड्यांसाठी मागता, मुंबईला गेलेल्या पोरांसाठी मागता. स्वतःसाठी काही नाही. गाव ओरडतो, "होय महाराजा!" एकदाही खोकला नाही. आई पदराने डोळे पुसते. काय अभिमान वाटला होता मला तुमचा!

पुढे फोटोचा विषय काढला की तुम्ही उखडायचात. "खोकलो खंय आसा आता? देवान आयकल्यान माजा!" बाटली संपली की दुसरी आणवायची, आणि नारळ मात्र देवाला. गावानेही तुमचीच री ओढली. देवाने बरा केलेला माणूस डॉक्टरकडे कशाला जाईल? शिमग्यानंतर रक्त पडलं, तेव्हा कुठे फोटो निघाला. फार उशीर झाला होता. मिरगाचा पाऊस पडायच्या आत तुम्ही गेलात. किती राग आला होता मला तुमचा, आणि त्या देवाचाही.

हे पत्र टपालात पडणार नाही, उशीखालीच राहील. पण एक सांगायचं राहिलंय. त्या दुपारी गावाबरोबर मीही ओरडत होते, आणि मनात माझं वेगळंच गाऱ्हाणं चाललं होतं. देवा, हे संपेपर्यंत बाबांना खोकला येऊ देऊ नको. तेवढंच मागितलं मी, बाबा. त्याने तेवढंच दिलं.