ढाल पळाली, मी नव्हे

तीर्थरूप कोराघोसमामा यांना भाचा ड्राकास याचा बॅक्ट्रापलीकडच्या डोंगरातून नमस्कार. तुम्ही, मामी आणि शेळ्या खुशाल असाल, तुमचा गुडघा थंडीत फार धरत नसेल, तर देवांची कृपाच म्हणायची. मी मात्र खुशाल नाही. अंगाला काही झालेलं नाही, पण डोकं असं तापलंय की त्यावर जवाची लापशी शिजेल. पत्र वाचून दाखवणाऱ्याला सांगा की यातल्या शिव्या गाळायच्या नाहीत, त्या मी विचार करून घातल्या आहेत.

तुम्ही राजाच्या वडलांच्या वेळी ढालकरी होतात, तेव्हा ढाल म्हणजे लाकूड आणि त्यावर काशाचा पत्रा. हाणा, आपटा, पाऊस आला तर डोक्यावर धरा, कुणी विचारत नव्हतं. यंदा हिंदुस्थानावर जायचं म्हणून वरून हुकूम आला की ढालकऱ्यांच्या ढाली चांदीने मढवा. मढवल्या. पत्रा इतका पातळ की बोटाने दाबला तरी पोचा पडतो. लगेच आमचा हजारी सरदार माखातास (जन्मात कधी शिडी चढला नाही, पोट आडवं येतं) याने आपल्या पदरचा हुकूम जोडला, की ज्याच्या ढालीला पोचा दिसेल त्याची दारू महिनाभर बंद. दारू बंद, मामा! या मुलखात ऑलिव्हचं तेल नाही, धड चीज नाही, अंगाला तिळाचं तेल चोळून आम्ही दिवसभर खमंग वास मारत हिंडतो, आणि हा दारू बंद करणार! तेव्हापासून राजाचे निवडक शूर राख आणि आंबलेली दारू घेऊन सकाळ-संध्याकाळ भांडी घासतात. लांब भाल्यांचे भालेकरी येता-जाता विचारतात, "काय रे, ताटं घासून झाली का? वाढू का?"

आणि कामं म्हणाल तर सगळी आमच्याच माथी. भालेकऱ्यांचा भाला बारा हातांचा, त्यांना शिडी चढता येत नाही, म्हणून शिडीवर आम्ही. घोडेस्वार पुढे उधळले की मधली फट बुजवायला धापा टाकत आम्ही. राजाच्या तंबूवर पहारा आम्ही. आखूड भाला, मोठी ढाल आणि पायात दम असलेला माणूस दिसला की सगळ्यांना कामं सुचतात. याची मला तक्रार नाही (आहे, पण ती पुढच्या पत्रात लिहीन). मला अभिमान होता, मामा. आईने गावभर सांगितलं होतं की ड्राकास मामाच्या पावलावर पाऊल टाकून ढालकरी झाला.

आता मुख्य गोष्ट. गेल्या महिन्यात कड्यावरचा एक किल्ला घ्यायचा होता. पहाटे चढायचं. निघताना कुणाच्या तरी लक्षात आलं की उजाडलं की चांदी चमकणार आणि वरचे लोक उठणार. म्हणून हुकूम, ढालींना चिखल फासा! दोन महिने घासलेल्या ढालींना आम्ही आपल्या हाताने चिखल फासला. ओला चिखल मुठीपर्यंत ओघळला. मी शिडीवर सगळ्यांत पुढे होतो. अर्ध्यावर गेलो आणि ढाल हातातून सटकली. शिडीवरून घरंगळत, खालच्या दोनचार जणांना लागत, गवतावरून लोळत, चिखल पुसून लख्ख होऊन, थेट माखातासच्या तंबूसमोर जाऊन पडली आणि भांडं पडल्यासारखी बराच वेळ वाजत राहिली. किल्ला जागा झाला. मी काय केलं? नुसता आखूड भाला घेऊन तसाच वर गेलो, तट धरला, मागचे आले, सूर्य वर यायच्या आत किल्ला आपला.

आणि माझ्यावर आरोप काय? शत्रूसमोर ढाल टाकली! अहो, ढाल टाकणारा मागे पळतो. इथे ढाल मागे पळाली, मी पुढे गेलो. हे एखाद्या शेळीलाही कळेल. माखातास म्हणतो, "ढाल कुठे होती? खाली. तू कुणाचा? ढालीचा. मग तूही खालीच." असल्या अकलेवर हा हजार माणसं सांभाळतो.

बरं, आपली रीत आहे. निकाल सरदार देत नाही, जमलेली माणसं देतात. पसंत असेल तर भाला ढालीवर वाजवायचा. मला कसली काळजी? हजार माणसं, निम्म्यांच्या जखमा मी बांधल्या आहेत. माखातासने विचारलं, "ड्राकास ढालकऱ्यांत राहावा असं कुणाला वाटतं?"

एकही ढाल वाजली नाही, मामा. सगळे माझ्याकडे मायेने बघत होते, दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण भाला ढालीवर मारायला कुणी तयार नाही. पोचा पडेल ना! एका गाढवाने नखाने टिचकी मारली, तीही आतल्या बाजूच्या लाकडावर. माखातास म्हणाला, "शांतता म्हणजे नकार." महिन्याभराच्या दारूसाठी नऊ वर्षांची सोबत विकली या नादानांनी! थू त्यांच्या चांदीवर! रात्री एकेक जण येऊन सांगून गेला, "ड्राकास, मनातून वाजवली होती बरं का."

आता मी भालेकऱ्यांत आहे. बारा हातांचा भाला दोन्ही हातांनी धरायचा, ढाल म्हणजे गळ्यात अडकवलेलं झाकण. वळायचं तर आजूबाजूच्या सोळा जणांची परवानगी लागते. जुने सोबती समोरून चमकत जातात, मी तोंड फिरवतो. मामीला नमस्कार. आईला यातलं काही कळू देऊ नका, तिला सांगा बढती मिळाली, भाला मोठा दिला.

तुमचा,
ड्राकास

ता.क. माखातासचे वडील तुमच्याच रांगेत होते आणि तुमचा शब्द ते मोडत नाहीत असं तुम्ही नेहमी सांगता. त्यांच्याकडून मुलाला चार ओळी लिहवून घ्या. खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र.

ता.क. दुसरा. एक गोष्ट राहिली. माझी ढाल ज्यांना लागली त्यांत आदिमोस नावाचा आमचा एक जण होता. त्याच्या हातावर ती आदळली म्हणून त्याचीही ढाल पडली. त्या दिवशी त्याचा निकाल माझ्या आधी लागला. मी पहिल्या रांगेत होतो, परत मिळालेली ढाल तीन दिवस खपून घासून आणली होती. मी वाजवली नाही. आता तो भालेकऱ्यांत माझ्या मागे उभा असतो, त्याचा भाला माझ्या कानाजवळून पुढे जातो, आणि तो माझ्याशी एक अक्षर बोलत नाही. मामा, एकाच माणसासाठी शब्द टाकता येणार असेल तर आदिमोससाठी टाका.